सपाटी कुठून येते?

घरच्या कार्यशाळेतील कानसकाम आणि खरवडकाम : प्रस्तावना

लेथच्या बेडला सपाटी येते ती प्लेनिंग किंवा ग्राइंडिंग मशीनमुळे. त्या मशीनच्या टेबलाची सपाटी आणखी एखाद्या मशीनने दिलेली असते, आणि त्या मशीनलाही ती कुणीतरी दिलेली असते. ही साखळी मागे नेत गेले की एक प्रश्न उरतो: ज्याच्या आधी सपाट असे काहीच नव्हते, तो पहिला सपाट पृष्ठभाग कोणी केला आणि कशाच्या आधाराने केला? उत्तर कळले की यंत्रकामाकडे पाहण्याची दृष्टी बदलते. तो पृष्ठभाग हाताने झाला, आणि त्याला कोणताही सपाट नमुना समोर ठेवावा लागला नाही. बिडाचे तीन तुकडे, थोडा रंग, एक धारदार पाते आणि पुरेसा वेळ एवढ्यावर माणसाला काही मायक्रॉनपर्यंतची सपाटी गाठता आली, आणि ती आजही तशीच गाठता येते. अचूकता ही वरच्या, महागड्या, दूरच्या यंत्राकडून उसनी आणावी लागते हा समज आपल्याकडे खोल रुजला आहे. तो चुकीचा आहे, हे या पुस्तकाचे मुख्य म्हणणे आहे. वाशीम जिल्ह्यातल्या पोहरादेवीसारख्या गावात, पत्र्याच्या छपराखाली, एका व्हाइसवर अचूकता शून्यातून निर्माण करता येते.

तीन तुकडेच का, हे आधी नीट समजून घ्यायला हवे, कारण बाकी सारे त्यावर उभे आहे. दोन प्लेट एकमेकींवर घासून, जुळवून, खरवडून पूर्ण बसवल्या तरी त्या सपाट आहेत असे म्हणता येत नाही. एक पोक काढलेली आणि दुसरी तितकीच खोलगट असेल तरी त्या तंतोतंत बसतात. म्हणून तिसरी प्लेट घ्यायची. पहिली दुसरीशी, दुसरी तिसरीशी आणि तिसरी पहिलीशी, अशा तिन्ही जोड्या बसल्या तर पोक किंवा खोली उरायला जागा राहत नाही. पहिली पोकट असेल तर दुसरी आणि तिसरी दोन्ही खोलगट असतील, आणि दोन खोलगट प्लेट एकमेकींवर बसणार नाहीत. एवढ्यावर बरीच पुस्तके थांबतात. पण एक दोष या चाचणीतूनही निसटतो, तो म्हणजे पीळ. समोरासमोरचे दोन कोपरे उंच आणि उरलेले दोन खाली असा सारखाच पीळ तिन्ही प्लेटमध्ये असेल, तर त्या एकाच दिशेने ठेवून पाहिल्यावर सगळीकडे छान बसतात आणि तरीही सपाट नसतात. एक प्लेट नव्वद अंशांत फिरवून पुन्हा जुळवली की हा पीळ उघडा पडतो. चौकोनी प्लेटला हे सहज जमते, लांबट प्लेटला अवघड जाते. नवशिक्याने पहिल्या तीन प्लेट चौकोनीच घ्याव्यात असा आग्रह पुढे सगळीकडे धरला आहे, तो याच कारणाने.

ही युक्ती लिखित स्वरूपात जगापुढे मांडली जोसेफ व्हिटवर्थ यांनी. १८४० साली ग्लासगो येथे ब्रिटिश असोसिएशनच्या अधिवेशनात त्यांनी धातूच्या सपाट पृष्ठभागांवर निबंध वाचला. व्हिटवर्थ तरुणपणी लंडनमध्ये हेन्री मॉडस्ले यांच्या कारखान्यात काम करत होते, आणि त्या कारखान्यात सरफेस प्लेटला (सपाटी तपासायच्या संदर्भ प्लेटला) आधीपासूनच मान होता. त्यामुळे श्रेय कोणाला किती हा वाद इतिहासकारांत चालत आला आहे. कामाच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट वेगळी आहे. तोवर सपाट भाग करण्यासाठी दोन प्लेटमध्ये एमरीची पूड घालून त्या एकमेकींवर घासण्याची रीत होती. व्हिटवर्थ यांनी दाखवले की एमरी उंच आणि सखल भागांत भेद करत नाही, कडेला जास्त खाते, आणि तिचे कण मऊ धातूत रुतून बसून पुढेही झीज करत राहतात. खरवडणारा माणूस मात्र नेमका उंच डागच काढतो आणि सखल भागाला हात लावत नाही. घासण्यात घर्षण ठरवते आणि खरवडण्यात माणूस ठरवतो. यंत्रयुगाच्या भरभराटीच्या काळात अचूकतेची पुढची पायरी हाताच्या निवडीवर उभी राहिली, ही गोष्ट यंत्रांचा इतिहास सांगताना फारशी सांगितली जात नाही.

खरवडण्याआधी कानस येते आणि कानस खऱ्या अर्थाने शिकवते. आपल्या आयटीआयमध्ये फिटरचा अभ्यासक्रम दोन वर्षांचा असतो, आणि त्याच्या सुरुवातीचा मोठा काळ मुले व्हाइससमोर उभे राहून कानस चालवत असतात. मुलांना तो कंटाळा वाटतो, आणि तो का करायचा हे त्यांना अनेकदा कोणी सांगत नाही. कानस पुढे जाताना कापते, मागे येताना कापत नाही. पुढे जाताना सुरुवातीला जोर पुढच्या हातावर असतो आणि सरकत सरकत मागच्या हातावर यावा लागतो. हे जमले नाही तर कानस झोका घेते आणि तुकड्याच्या दोन्ही कडा खाल्ल्या जाऊन मध्ये पोक राहते. जवळजवळ प्रत्येक नवशिक्याचा पहिला तुकडा असाच पोकट निघतो, आणि त्याचे कारण खांदा, कोपर आणि पायांच्या ठेवणीत सापडते. व्हाइसचा जबडा कोपराच्या उंचीला असावा हा जुना नियम शरीराच्या या हालचालीतून आला आहे. चांगल्या कानशीच्या अंगालाही किंचित पोक दिलेली असते, म्हणून जाणकार हात तिने नेमका हवा तो भाग कापू शकतो. रफ, बास्टर्ड, सेकंड कट, स्मूथ अशा दात्यांच्या प्रती, दात्यांत चुरा अडकू नये म्हणून चोळायचा खडू, आडवी धरून ओढायची शेवटची ओढ, नवी कानस आधी पितळेवर, मग बिडावर आणि शेवटी पोलादावर वापरण्याची काटकसर, ओतीव बिडाची कडक कातडी नव्या कानशीने कधीही न काढण्याचा नियम, हे सारे त्या शिस्तीचे भाग आहेत. सरावलेला हात कानशीने पाच-सात शतांश मिलिमीटरच्या आत सपाटी आणतो. माणसाच्या केसाची जाडी साधारण तेवढीच असते. कानस याच्या फार पुढे जात नाही, कारण ती एका वेळी लांबरुंद पट्टा कापते आणि एकटा उंचवटा निवडून काढू शकत नाही.

तिथून पुढचे काम स्क्रेपरचे. सरफेस प्लेटवर रंगाचा इतका पातळ थर द्यायचा की खालचा धातू त्यातून दिसावा. मग काम त्यावर ठेवून हलकेच फिरवायचे. जिथे रंग उतरतो तो भाग उंच. तो भाग स्क्रेपरच्या जवळजवळ काटकोनी, किंचित गोलसर धारेने खरवडायचा, पुसायचा आणि पुन्हा रंगावर ठेवायचा. एका ओढीत बिडाचे काही मायक्रॉनच निघतात. आपल्या कारागिरांच्या भाषेतला एक थाऊ (इंचाचा हजारावा भाग) काढायलाही अनेक फेऱ्या लागतात. प्रत्येक फेरीत ओढीची दिशा बदलायची, नाहीतर नांगरटीसारख्या चऱ्या पडतात. सुरुवातीला दोन-चार मोठे डाग दिसतात, मग ते फुटून लहान होतात, पसरतात, वाढतात. पंचवीस मिलिमीटरच्या चौरसात किती डाग बसले यावर दर्जा मोजला जातो: सरकणाऱ्या भागांना साधारण वीसच्या आसपास, संदर्भ प्लेटला त्याहून जास्त. डागांची संख्या म्हणजे सपाटी असे मात्र समजू नये. खोलगट पृष्ठभागही चुकीच्या प्लेटशी जुळवला तर भरपूर डाग दाखवतो. नवशिक्यांची सर्वांत मोठी फसवणूक इथे होते, आणि म्हणूनच तीन प्लेटचे तत्त्व आधी सांगितले.

रंगाबद्दल आणखी एक गोष्ट सांगायला हवी. जुन्या कारखान्यांत तेलात कालवलेला शेंदूर वापरत, आणि काही फिटर अजूनही तोच पसंत करतात. शेंदूर म्हणजे शिशाचे ऑक्साइड. ते शरीरात साठते आणि घरच्या कार्यशाळेत मुले, अन्न आणि काम एकाच छपराखाली असतात. प्रशियन ब्लूने काम तितकेच चांगले होते, आणि चित्रकलेच्या दुकानात तैलरंगाची जी नळी मिळते तिने निभते. या बाबतीत परंपरेपुढे नमते घेण्याचे काहीच कारण नाही.

या विद्येच्या परंपरा वेगवेगळ्या देशांत वेगळ्या वाढल्या. इंग्लंडमध्ये बाकासमोर उभे राहून हाताच्या जोराने पुढे ढकलायचा स्क्रेपर रूढ झाला. जपानी कारागीर लांब दांड्याचा स्क्रेपर कमरेला टेकवून सगळ्या शरीराच्या वजनाने ढकलतात. मोठ्या बेडवर ती पद्धत थकवा कमी करते. जर्मनीत पुढे विजेवर चालणारे स्क्रेपर आले, ज्यांत ओढ यंत्र मारते आणि जागा माणूस निवडतो. अमेरिकेत हे ज्ञान सगळ्यांत नीट लिहून ठेवले गेले. एडवर्ड कॉनेली यांचे १९५५चे पुस्तक झिजलेली यंत्रे पुन्हा उभी करण्याच्या दृष्टीने लिहिलेले आहे; लेथच्या बेडपासून गिबपट्टीपर्यंत (सरकत्या भागांतली ढील काढणाऱ्या पट्टीपर्यंत) कोणता पृष्ठभाग आधी आणि कोणता नंतर, हा क्रम त्यात युक्तिवादाने ठरवला आहे. १९७०मध्ये वेन मूर यांनी अचूक यंत्रांच्या पायाभूत तत्त्वांवर लिहिले आणि अतिसूक्ष्म जिग बोअरिंग मशीनच्या मुळाशीही तीन प्लेटचीच पद्धत असल्याचे दाखवले. घरच्या कार्यशाळेची धारा याहून वेगळी आहे. लंडनचे ‘मॉडेल इंजिनिअर’ हे नियतकालिक १८९८मध्ये सुरू झाले आणि त्याने छंद म्हणून यंत्रकाम करणाऱ्यांची पिढी घडवली. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात डेव्हिड गिंजरी यांनी कोळशाच्या भट्टीत अॅल्युमिनियम ओतून, पृष्ठभाग हाताने खरवडून, भंगारातून लेथ बांधण्याची रीत पुस्तिकांतून मांडली. पहिली धारा दर्जा सांगते आणि दुसरी धैर्य देते. नवशिक्याला दोन्ही लागतात. फक्त दुसरीवर समाधान मानणारे लोक बरेच आहेत आणि त्यांची यंत्रे थरथरतात.

महाराष्ट्रात ही विद्या कारखान्यांच्या मागोमाग आली. मुंबईच्या व्हीजेटीआयमध्ये शिकवणारे लक्ष्मणराव किर्लोस्कर बेळगावला सायकलच्या धंद्यातून नांगराकडे वळले आणि १९१०मध्ये औंध संस्थानच्या माळरानावर किर्लोस्करवाडी उभी राहिली. दुसऱ्या महायुद्धात परदेशी यंत्रे येणे अवघड झाले, तेव्हा १९४१मध्ये हरिहर येथे म्हैसूर किर्लोस्कर सुरू झाली आणि तिचे लेथ देशभरच्या प्रशिक्षण संस्थांत व कारखान्यांत पोचले. १९५३मध्ये स्विस सहकार्याने बंगळुरूला एचएमटी आली. लेथ बनवणाऱ्या अशा कारखान्यांत बेड आणि कॅरेज जुळवणे हे खरवडणाऱ्या कारागिरांचे काम. कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या फाउंड्र्यांनी आणि ऑइल इंजिनच्या कारखान्यांनी याच विद्येची दुसरी शाखा जोपासली: शाफ्टला बसतील अशी बेअरिंगे त्रिकोणी आणि अर्धगोल स्क्रेपरने खरवडण्याची. वऱ्हाडात हीच शाखा सर्वांत जुनी आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून इथे कापसाच्या जिनिंग-प्रेसिंग फॅक्टऱ्या उभ्या राहिल्या. त्यांचे लांब शाफ्ट पांढऱ्या धातूच्या बेअरिंगांत फिरत, आणि ती बेअरिंगे हंगामाआधी ओतून, रंग लावून, हाताने खरवडून बसवावी लागत. खरवडकाम वऱ्हाडाला नवीन नाही; इथे ते लिहिले गेले नाही एवढेच.

पोहरादेवीच्या संदर्भात या इतिहासाला आणखी एक बाजू आहे. मानोरा तालुक्यातले हे गाव संत सेवालाल महाराजांच्या समाधीमुळे देशभरच्या बंजारा समाजाचे श्रद्धास्थान आहे. बैलांच्या तांड्यांवर धान्य आणि मीठ लादून देशाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत नेणारा हा समाज. रेल्वे आणि पक्क्या सडकांनी तो व्यापार संपवला, आणि तांडे माळरानावर स्थिरावले. मूर्तिजापूरहून कारंजामार्गे यवतमाळला जाणाऱ्या शकुंतला रेल्वेचे वाफेचे इंजिन १९२१ साली मँचेस्टरमध्ये बांधलेले होते आणि १९९४पर्यंत ते या भागात धावत होते. मँचेस्टर हेच व्हिटवर्थ यांच्या कारखान्याचे शहर. ज्या विद्येवर ते इंजिन उभे होते ती विद्या इंजिनासोबत इथल्या तांड्यांत उतरली नाही. इथे फक्त इंजिन आले. आजही तांड्यांतली अनेक कुटुंबे ऊसतोडीसाठी दरवर्षी बाहेर पडतात. एका पुस्तकाने हे थांबत नाही, आणि तसा दावा कुणी करू नये. पण यंत्राचा मालक होणे आणि यंत्राचे मूळ हाती असणे यांतला फरक या भागाने इतकी मोठी किंमत मोजून शिकला आहे की ती विद्या इथल्या भाषेत, इथल्या साधनांत उतरवणे हे न्यायाचे काम वाटते.

आजच्या गरजेचा प्रश्न येतो तो असा. वाशीम हा सोयाबीनचा जिल्हा. मळणीयंत्रे, ट्रॅक्टरची अवजारे, पंप आणि पिठाच्या गिरण्या यांच्या दुरुस्तीची छोटी दुकाने रस्त्यारस्त्यावर आहेत. सीएनसी येत गेले तसे जुने लेथ शहरांतून निघून तालुक्यांपर्यंत येतात. अशा लेथचा बेड चकजवळच्या भागात सर्वांत जास्त झिजलेला असतो, कारण कॅरेज बहुतेक काम तिथेच करते. मग लांब शाफ्ट निमुळता निघतो. कारागीर हत्याराला दोष देतो आणि शेवटी लेथ किलोच्या भावाने जातो. खरवडता येणाऱ्या माणसाच्या हाती तोच लेथ पुढची वीस वर्षे काम करू शकतो.

यावर पहिला आक्षेप असा की बेड शहरात नेऊन मोठ्या ग्राइंडिंग मशीनवर घासून आणावा, दिवसभरात काम होईल. बेडच्या बाबतीत हा सल्ला कधीकधी बरोबरही असतो, आणि झीज खूप असेल तर तोच घ्यावा. पण बेड घासला की कॅरेजचा खालचा भाग त्याला बसत नाही, गिबपट्टी बसत नाही, हेडस्टॉकची रेषा बदलते. हे सारे जुळवायला शेवटी स्क्रेपरच लागतो. शिवाय आरशासारखे घासलेले दोन पृष्ठभाग तेल धरत नाहीत, एकमेकांना चिकटतात आणि अडखळत सरकतात. खरवडलेल्या पृष्ठभागाच्या खळग्यांत तेल राहते. चांगल्या यंत्रांचे उत्पादक आजही सरकमार्ग हाताने खरवडतात ते याचसाठी. दुसरा आक्षेप ग्रॅनाइटच्या सरफेस प्लेटचा: ती आता स्वस्त मिळते, मग तीन प्लेट करण्याचा खटाटोप कशाला? परवडत असेल तर ती जरूर घ्यावी. पण तीही झिजते, तिचीही तपासणी करावी लागते, आणि ती चुकली आहे हे ज्याला ओळखता येत नाही त्याच्या हाती ती केवळ जड दगड आहे. तीन प्लेट हाताने केलेल्या माणसाला ते ओळखता येते.

वेळेचा आक्षेप सगळ्यांत खरा आहे. एक फूटभर प्लेट नीट खरवडायला नवशिक्याला अनेक दिवस लागतात, आणि मजुरीच्या हिशेबात ते बसत नाही. इथे खोटी आशा दाखवण्यात अर्थ नाही: शंभर तुकडे करायचे असतील तर ही पद्धत चुकीची आहे. ज्याच्याकडे भांडवल कमी आणि हंगामाबाहेरचा वेळ जास्त आहे, आणि ज्याला एकच यंत्र नीट करायचे आहे, त्याच्यासाठी ती योग्य आहे. वाशीमच्या खेड्यात असे लोक पुण्यापेक्षा जास्त आहेत. हाताचे काम म्हणून ते पवित्र आहे असा या पुस्तकाचा सूर नाही. जिथे यंत्र चांगले करते तिथे यंत्रच वापरावे.

उष्णतेचा आक्षेप मात्र नीट तपासावा लागतो, कारण तो शास्त्रीय वाटतो. अचूक मापनाचे तापमान वीस अंश ठरलेले आहे, आणि वऱ्हाडात मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या जवळ जातो. मग मायक्रॉनच्या गोष्टी कशा करायच्या? बीड दर मीटरला दर अंशाला साधारण अकरा मायक्रॉन वाढते. पण सपाटीला एकूण तापमानाने बाधा येत नाही. तापमान सगळीकडे सारखे असेल तर प्लेट सगळीकडे सारखीच वाढते आणि सपाटच राहते. बाधा येते ती वरच्या आणि खालच्या बाजूंतल्या फरकाने. हाताची ऊब, उन्हाची तिरीप, नुकत्याच खरवडलेल्या भागाची गरमी यांनी प्लेट वाकते. म्हणून काम आणि प्लेट दोन्ही रात्रभर शेजारी ठेवावीत, शेवटच्या फेऱ्या पहाटे कराव्यात, प्लेटला लाकडी मुठी लावाव्यात, आणि रंग पाहण्याआधी थोडे थांबावे. वातानुकूलित खोली नसणे ही गैरसोय आहे, अडथळा नाही. पहाटे तापमान तुलनेने स्थिर असते.

या पुस्तकाची मर्यादा आणि रचना आता सांगता येईल. त्यात मोठ्या यंत्रांची संपूर्ण पुनर्बांधणी नाही. तो दुसऱ्या पुस्तकाचा विषय आहे. जे आहे ते एका माणसाने, एका व्हाइसवर, स्थानिक साधनांनी करायचे आहे. भंगारातले बीड कसे ओळखायचे, ओतकामातला ताण निवू देण्यासाठी वरची कातडी काढून तुकडा काही काळ तसाच का ठेवायचा, जुन्या कानशीचा स्क्रेपर कसा करायचा आणि ती ठिसूळ असल्याने कशी फुटते, कार्बाइडच्या टोकाची धार कशी लावायची, रंगाच्या थराची जाडी डोळ्याने कशी ठरवायची, आणि प्लेट एका टोकाला ढकलून ती कुठे फिरते यावरून पोक कशी पकडायची: ही कौशल्ये कामाच्या क्रमाने येतात. जिथे मत द्यायचे तिथे मत दिले आहे, जिथे दोन पद्धती चालतात तिथे दोन्ही सांगितल्या आहेत. फिटर ट्रेडच्या विद्यार्थ्याला हे अभ्यासक्रमाच्या पलीकडे नेईल, आणि ज्याने कधी कानस धरली नाही त्यालाही पहिल्या पानापासून चालता येईल, एवढी काळजी घेतली आहे.

वाचणाऱ्याने पुढच्या पानांकडे जाण्याआधी एक गोष्ट करावी. सारख्या मापाचे बिडाचे तीन चौकोनी तुकडे शोधावेत, सुमारे दीडशे मिलिमीटरचे, जाडी शक्य तितकी जास्त. प्रत्येकाच्या कडेवर छिन्नीने १, २ आणि ३ असे कोरावे आणि त्या आकड्याशेजारी एक बाण काढावा. नव्वद अंशांत फिरवताना तो बाणच सांगेल, पीळ गेला की उरला.

पोहरादेवी, तालुका मानोरा, जिल्हा वाशीम